पेटीतले अकरा कागद

मासे साफ केल्यावर हात कितीही घासून धुवा, दोन तासांनी कोपरावर एखादा खवला सापडतोच. किश्श्यांचं तसंच. मी काही ते मुद्दाम जमवले नाहीत, आपले चिकटून राहिलेत. चिकटलेच आहेत तर सांगते. पटलं तर हसा, नाही पटलं तर येऊन भांडा. देवबागात कोणालाही विचारा, जानकीचं घर दाखवतील. जपून जा, असंही सांगतील!

गेली सहा वर्षं दर रविवारी आमच्या वाडीत, जाळी ठेवायच्या मांगरात, पाच पोरांचा वर्ग भरायचा. सगळी होडीवाल्यांची पोरं. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने रापलेली, मुळातच काळी. घरातून कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच. वर्ग पुण्याच्या एका संस्थेचा, शिकवणारे समीर सर. पोरांना कॉलेजात घालायचं, चारचौघांत बोलायला शिकवायचं, नोकरीला लावायचं, हे सरांचं काम. माझं काम संशय घ्यायचं. ते मला कोणी दिलं नव्हतं. मीच घेतलं.

*

सर पहिल्यांदा आले तेव्हा मी अंगणात सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत घालत होते. खांद्याला लॅपटॉप, पायात पांढरे बूट. वाळूत पांढरे बूट! तिथेच माझा पहिला संशय.

"आजी, आम्हाला तुमच्या मुलांसाठी काहीतरी करायचंय."

आमच्याकडे शहरातला माणूस आला की तो आधी समुद्राकडे बघतो, मग माडांकडे आणि मग हळूच सातबाऱ्याचं विचारतो. मी म्हटलं, वेळ कशाला घालवा?

"किती गुंठे हवेत?"

"गुंठे नाही हो. मुलं हवीत."

हे तर त्याहून वाईट!

मी त्यांचं आधार कार्ड मागितलं आणि मोठ्याने वाचलं. माझी शाळा दुसरीत सुटली. पुढची अक्षरं मी होड्यांच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगवलेल्या नावांवरून शिकले. कुठली होडी आली ते लांबून कळलं तर माशाला आधी पोचता येतं, म्हणून शिकले. इंग्रजी शिकले औषधांच्या खोक्यांवरून. तर कार्ड वाचलं, दोन्ही बाजूंनी. मग म्हटलं, "आता आईचा नंबर द्या."

सरांसमोरच फोन लावला. "तुमचा मुलगा आमच्याकडे आलाय. तो करतो काय?"

पलीकडून बाई म्हणाली, "बरं झालं बाई तुम्ही फोन केलात! जरा त्यालाच विचारून मला सांगा ना. लग्नासाठी लोक विचारतात, मला काही सांगताच येत नाही!"

आई खरी निघाली. मी सरांना चहा दिला. साखर मात्र बेताचीच.

*

आता पेटीचं सांगते, म्हणजे मी एवढी संशयी का ते कळेल.

वर्गातल्या पाचांपैकी एक मंगेश. शेवंतीचा धाकटा. तिच्या थोरल्याची गोष्ट आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. दहा वर्षांपूर्वी एक एजंट आला, मोठ्या बोटीवर नोकरी लावतो म्हणाला, थोरल्याचे दहावीचे अस्सल कागद घेऊन गेला. तो गेला तो गेला. कागदही गेले. पोरगा हेलपाटे घालून दमला, शेवटी जाळं ओढायला लागला. होडीवर जाण्यात वाईट काही नाही, माझा अख्खा जन्म होडीच्या जिवावर गेला. पण दुसरी वाट कोणी तरी पळवून नेली म्हणून जाणं, हे वाईट.

वर्ग सुरू झाला त्या आठवड्यात शेवंती मंगेशचे कागद पदरात गुंडाळून माझ्याकडे आली. "मावशे, थोरल्याचा झाला ता झाला. ह्येचे कागद तू ठेय."

मी पत्र्याची छोटी पेटी आणली, कुलूप आणलं, चावी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. पाचही पोरांचे कागद आत. आणि पाचांना समोर बसवून सांगितलं, "आयका रे मेल्यांनो. ओरिजिनल कोणाच्या हातात देवचा नाय. सर मागतले, देव नकात. सायब मागतलो, देव नकात. देवळातलो देव येवन मागूक लागलो, तर तेकाव झेरॉक्स द्या!"

बाबलो म्हणून एक पोरगा आहे, त्याचं तोंड कधी मिटत नाही. तो म्हणाला, "आजये, देव झेरॉक्स घेतलो काय गो?"

"घेवचो नाय तर जावंदे परत देवळात!"

मंगेश काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नाही. नुसतं ऐकून घेतो.

*

संस्थेचा नियम होता, प्रत्येक पोराला एक मेंटर हवा. चौघांनी कोणी बँकेतले साहेब, कोणी रिटायर मास्तर लिहिले. मंगेशने लिहिलं माझं नाव.

"मेंटर म्हणजे काय हो सर?"

"वाट दाखवणारा, आजी."

"वाट दाखवणारे ढीग असतात. तो एजंटही वाटच दाखवत होता!"

सरांनी पेन काढलं. मग फॉर्म भरायला लागले. नाव झालं, गाव झालं, आणि एका रकान्यावर त्यांचं पेन थांबलं. बिचारे अवघडले. "आजी... शिक्षण काय लिहू?"

"लिहा, चालू आहे."

*

मंगेशला बारावीला एकोणनव्वद टक्के पडले. इंजिनिअरिंगला नंबर लागला. अ‍ॅडमिशनला मी बरोबर गेले, कारण पेटीचा नियमच तो: पेटी जिथे जाईल तिथे मी जाईन. एस.टी.तून उतरून पेटी डोक्यावर घेतली, चुंबळीवर. सवयच ती.

ऑफिसच्या दारात आम्ही पाऊल टाकलं. आत एक क्लार्क बसला होता. त्याने मान वर केली, आधी माझं लुगडं बघितलं, मग मंगेशचा रंग बघितला, मग पेटी बघितली. आणि ओरडला, "मासे इथून नाही! कँटीनला मागच्या दाराने जा!"

मंगेश मागे वळायला लागला. खरंच वळायला लागला! तेवढ्यानेच माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी पेटी उतरवली, धाडकन त्याच्या टेबलावर ठेवली आणि कुलूप उघडलं.

"मासे नाहीत साहेब. एकोणनव्वद टक्के आणलेत. वजन करून घ्या!"

*

एकदा कसालला एका हॉलमध्ये शिबिर होतं. विषय लीडरशिप. चार जिल्ह्यांतली पोरं आलेली. प्रत्येकाने स्टेजवर तीन मिनिटं बोलायचं. शहरातली पोरं कशी धडाधडा बोलत होती! आमची पोरं एकमेकांच्या मागे लपत होती. शेवटी बाबल्याला ढकलला. माइकसमोर गेल्यावर त्याचंही तोंड मिटलं. सहा वर्षांत एकदाच मिटलं, तेही नको तेव्हा!

अर्धं मिनिट गेलं. मग काय सुचलं कोण जाणे, त्याने डोळे मिटून हात जोडले आणि देवळात मानकरी गाऱ्हाणं घालतो तसा सूर लावला.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

मागून आमच्या चौघांनी सवयीने ओ दिली, "व्हय म्हाराजा!"

"आज ही पोरां हय जमली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंका इंग्लिशचा भय वाटता, ता भय समुद्रात नेवन बुडव, म्हाराजा!"

आता अर्धा हॉल ओरडायला लागला. "व्हय म्हाराजा!"

"आनी ह्या शिबिराच्या जेवणात उद्या तरी बांगडो येवंदे, म्हाराजा!"

अख्खा हॉल उठून उभा राहिला! परीक्षकसुद्धा ओरडले. बाबल्याला पहिलं बक्षीस मिळालं.

सर्टिफिकेट मी उलटंपालटं करून बघितलं. सही होती, शिक्का नव्हता. बाबल्याला तसाच परत पाठवला, शिक्का मारून आणायला लावला!

*

सेकंड इयरच्या परीक्षेची गोष्ट. मंगेशने बाजारातल्या स्टुडिओत फोटो काढून हॉल तिकिटाला लावला होता. पेपरच्या दिवशी अर्ध्या तासात पोरगा बाहेर. मी गेटवर पेटी घेऊन बसलेलीच होते.

"काय रे?"

"आत सोडणत नाय. फोटोतलो मी न्हय म्हणतत."

मी हॉल तिकीट बघितलं. खरंच तो नव्हता! स्टुडिओवाल्याने न विचारताच त्याला गोरा केला होता. गालावर गुलाबी. नटच म्हणा ना!

मी आत गेले. सुपरवायझर म्हणाले, "आजी, फोटोतला मुलगा गोरा आहे. हा बघा कसा आहे."

"साहेब, फोटोतला तोतया आहे. हा खरा आहे." पेटी उघडली, दहावीचं ओळखपत्र, बारावीचं हॉल तिकीट, पहिल्या वर्षाचं ओळखपत्र, एकेक टेबलावर मांडलं. प्रत्येकात मंगेश वेगळ्या वयाचा आणि एकाच रंगाचा. दहा मिनिटं शिल्लक असताना वाद मिटला असता तर काय उपयोग होता? दोन तास शिल्लक होते म्हणून वाचला.

परत येताना मी स्टुडिओत शिरले. तो खुशीत म्हणाला, "फोटो आवडला ना आजी? एक्स्ट्रा चार्ज नाही लावला!"

"माझ्या पोराचा रंग तू काढलास, तो कुठे ठेवलायस?"

"अं?"

"जिथे ठेवला असशील तिथून आण आणि परत भर. आत्ता. मी इथे बसल्येय!"

*

त्या प्रकारानंतर मंगेश म्हणाला, सगळ्या कागदांच्या कॉपी जवळ असलेल्या बऱ्या. आम्ही मालवणात झेरॉक्सला गेलो. पेटी, मी, मंगेश.

"ब्लॅक अँड व्हाइट काढू?" दुकानदाराने विचारलं.

"कलर," मंगेश म्हणाला. "ब्लॅक अँड व्हाइटमधे माजो नुसतो काळो चौकोन येता."

मी दुकानदाराच्या हातावर डोळा ठेवून उभी होते. एकेक कागद मशीनखाली जायचा, एकेक बाहेर यायचा. मध्येच त्याने एक कागद तिरका घातला. मी कडाडले.

"अहो आजी, मशीन कागद खात नाही!" तो वैतागला.

"आमच्या वाडीत एक माणूस खाऊन गेला. तुझ्या मशीनचा काय भरवसा?"

तिथून आमचं जे जुंपलं ते पाव तास. त्याने माझी अक्कल काढली, मी त्याचा खानदानी इतिहास काढला. बाहेर माणसं जमली. शेवटी मंगेशनेच अकरा कागद मोजून माझ्या हातात दिले. मी थुंकी लावून पुन्हा मोजले. अकरा. पेटीत घातले, कुलूप लावलं, चावी गळ्यात.

जाता जाता दुकानदार म्हणाला, "आजी, तुमचा स्वतःवर तरी विश्वास आहे का?"

"असता तर कुलूप लावलं असतं काय?"

*

शेवटच्या वर्षाला सर इंटरव्ह्यूची तालीम घ्यायचे. पोरांना शिकवायचे, तुमचा वीकनेस काय असं विचारलं, तर सांगायचं, मी फार जास्त काम करतो.

मला राहवलं नाही. "सर, बाबल्याने हे सांगितलं तर छप्पर कोसळेल!"

"मग तुम्ही घ्या इंटरव्ह्यू, आजी."

घेतली. मी खुर्चीवर, पोरं समोर. बाबल्याला विचारलं, पाच वर्षांनी तू कुठे असशील?

"ता माका कशाक इचारतंस? पाच वर्सांनी देवबाग खंय आसतला ता समुद्राक इचार!"

पास केला.

मग मंगेश. "तुज्यात खोट काय, सांग."

तो म्हणाला, "मी कोणाकच सगळा सांगणंय नाय."

सर म्हणाले, "हे इंटरव्ह्यूत सांगू नकोस हं, निगेटिव्ह वाटतं."

मी म्हटलं, "ही खोट नाय रे झिला. ही अक्कल!"

माझंच बोलणं. पुढे किती महागात पडणार होतं, ते तेव्हा कुठे ठाऊक!

*

एका इंटरव्ह्यूहून आम्ही एस.टी.ने परत येत होतो. वाटेत एका नाक्यावर बस थांबवली. चोरटी दारू शोधायला पोलीस वर चढला. पन्नास माणसं बसलेली. गोऱ्या, गुबगुबीत, पोटाला पिशवी बांधलेल्या पाहुण्यांवरून त्याची नजर लोण्यावरून सुरी फिरावी तशी गेली आणि मंगेशवर थांबली.

"ए, तू. खाली उतर. पेटीत काय आहे?"

"सर्टिफिकेटं."

"सगळे हेच सांगतात."

उतरलो दोघंही. पेटी उघडायला लावली. मी कागदांवर सुक्या बांगड्याचं पुडकं ठेवलेलं असतं, चोराचा हात मागे यावा म्हणून. पोलिसाचाही आला! मग त्याने नाक दाबून एकेक कागद काढला, उन्हात धरून बघितला, शिक्क्यावर अंगठा फिरवला.

"ओरिजिनल दिसतात," तो म्हणाला.

"मग! दिसणारच!" माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

"तुम्ही ह्याच्या कोण?"

"मेंटर."

तो गोंधळला. मी म्हटलं, "साहेब, ह्या पोरावर संशय घ्यायचा पहिला मान माझा. तुमच्या आधी पाच वर्षं मी घेतलाय. काही सापडलं नाही. तुम्ही दहा मिनिटांत काय शोधणार?"

कागद परत देताना तो हळूच म्हणाला, "ओरिजिनल घेऊन असं फिरू नका आजी. जपून ठेवा."

त्या एका पोलिसाचं मला पटलं.

*

आता हे शेवटचं.

गेल्या पावसाळ्यात चौघे आपापले कागद घेऊन आपापल्या कामाला गेले. बाबलो एका हॉटेलात मॅनेजर झाला, आता तिथे लोकांना पैसे देऊन त्याचं बोलणं ऐकावं लागतं. पेटीत राहिले मंगेशचे अकरा; डिग्रीचे कागद अजून कॉलेजातच होते. आणि मंगेशचंही पत्र आलं! एका बंदरावर, मोठ्या कंपनीत ज्युनिअर इंजिनिअर. आमच्या वाडीतला पहिला. सोमवारी हजर व्हायचं, सगळी ओरिजिनल सर्टिफिकेटं घेऊन.

गुरुवारी दुपारी उधाण आलं, वरून वारा. आमच्या पुढच्या दारात समुद्र, मागच्या दारात खाडी, मध्ये आम्ही. जेवण उरकून मी भांडी घासत होते, तर समुद्र पुढच्या दाराने आत आला. गुडघाभर पाणी. मी धावत जाऊन खाटेखालून पेटी ओढली. ती आधीच उलटली होती. कुलूप शाबूत होतं. कुलपाला काय होतंय! फटीतून पाणी गळत होतं.

चावी लावली, झाकण उघडलं. आत सगळा लगदा. शिक्क्यांचा लाल रंग वाहून कागद गुलाबी झालेले. फोटोतला मंगेश निळसर पाण्यात विरघळून गेलेला.

पाणी ओसरलं तेव्हा शेवंती आली. बघितलं आणि एकेक कागद सोडवून खाटेवर मांडायला लागली, आपण सुकवायला मासे मांडतो तसे. मंगेशचं कौतुक करायला गावात आलेले समीर सर धावत आले. वाळूने भरलेले पांढरे बूट.

"डुप्लिकेट काढता येतात, आजी."

"सोमवारपर्यंत?"

सरांनी फोन काढला, तारीख बघितली आणि परत खिशात घातला.

शेवंतीच्या तोंडाकडे बघवेना. मी म्हटलं, "थोरल्याचे एजंटान खाल्ले. धाकट्याचे मी खाल्लंय."

सहा वर्षांत मी पहिल्यांदाच गप्प बसले. सरांनी मला स्वतः चहा करून दिला. साखर भरपूर घातली होती. मी पिऊन टाकला.

तेवढ्यात मंगेश जेटीवरून होड्या वर ओढून आला, कमरेपर्यंत भिजलेला. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खाटेकडे बघितलं. एक कागद उचलला, बोटाने चोळला. बोट गुलाबी झालं.

"ह्ये? ह्ये कलर झेरॉक्स आसत."

कोणाला काही कळेना.

"मगे ओरिजिनल?" शेवंती.

"आसत. सुके आसत."

"कधीपासून?" मी.

"सेकंड इयरापासून. तू त्या झेरॉक्सवाल्यावांगडा भांडत होतंस मां, तेवाच बदललंय."

मी सरांकडे वळले. सरांनी दोन्ही हात वर केले. "माझ्याकडे नाहीत हो आजी, शपथ!" शेवंतीकडे बघितलं. तिने कपाळाला हात लावला. तिलाही पत्ता नाही.

माझा आवाज परत आला. असा आला, की शेजारची दोन घरं बाहेर आली. "मेल्या, तीन वर्सां गळ्यात चावी घालून मी झेरॉक्सची राखण करतंय? पोलिसासमोर छाती फुगवतंय? खंय ठेयलंस ओरिजिनल? आनी माका, माका एका शब्दान सांगूक नाय?"

मंगेशने कागद परत खाटेवर ठेवला, सरळ केला.

"आजये, देवाकव झेरॉक्स द्या म्हणान तूच सांगलंस. तू काय देवापरास मोठी?"